कॉलेजच्या कपाटात सापडलेली तीन किरणोत्सारी बटणं : कुरिअर करू की एसटी पार्सल?

तापीथडी
नमस्कार मंडळी. मी जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात फिजिक्सचा लॅब असिस्टंट आहे. नॅकची कमिटी येणार म्हणून सरांनी सगळी कपाटं उपसायला लावली. खालच्या कप्प्यात, मोडक्या स्पेक्ट्रोमीटरच्या मागे, एक जड लाकडी डबी निघाली. उघडली तर आत शिशाचा थर आणि त्यात रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी तीन प्लॅस्टिकची बटणं. प्रत्येकावर तीन पाकळ्यांचं ते चिन्ह. जीएम काउंटरच्या, म्हणजे किरणं मोजायच्या यंत्राच्या, प्रॅक्टिकलसाठी आणलेले किरणोत्सारी सोर्स आहेत. काउंटर कधीच बंद पडलाय, सोर्स मात्र आहेत तिथेच.

आता नवीन काउंटरची ऑर्डर दिली आहे. पुरवठादार दुसऱ्या शहरातला. जुने सोर्स आम्ही परत घेतो, म्हणाला. कसे पाठवू विचारलं तर फोनवर म्हणतो, "साहेब, कुरिअरने टाका, बाहेर 'इलेक्ट्रॉनिक पार्ट्स' लिहा, कोणी बघत नाही." आमचे विभागप्रमुख म्हणतात, कुरिअर कशाला, रात्रीच्या एसटीला पार्सल दे, सकाळी पोहोचतं. घरी सांगितलं तर आई म्हणाली, तापीत टाकून दे नि मोकळा हो.

मला तिन्ही पटत नाहीत. पण चौथं काय ते माहीत नाही. कुणाला नियम ठाऊक आहेत का?

केळीवाला_रावेर
भाऊ, घाबरू नको. आम्ही बठ्ठा रावेर-यावलवाला किरणोत्सारीच शेतस! केळीत पोटॅशियम असतं नि पोटॅशियम किरणं सोडतं असं पोरगा सांगत होता. रोज ट्रकच्या ट्रक दिल्लीला जाताहेत, आजवर कोणी लेबल लावायला सांगितलं नाही. तुझी तीन बटणं काय चीज?

पार्सलबाबू
आधी एक गोष्ट. 'इलेक्ट्रॉनिक पार्ट्स' लिहू नका. मी भुसावळला आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे टपाल सेवेत, नोकरी काढली, रात्रपाळीत हजारो थैल्या उपसल्या. खोटं लिहिलेल्या पाकिटांचा त्रास कधी पाठवणाऱ्याला होत नाही, तो होतो थैली उचलणाऱ्याला. एकदा 'औषध' लिहिलेल्या पार्सलातून कसलंतरी अ‍ॅसिड झिरपलं, खालच्या राख्यांच्या पाकिटांचा लगदा झाला आणि आमच्या एका माणसाच्या तळहाताची सालं निघाली. पाठवणारा सापडला नाही, कारण पत्ताही खोटाच होता.

टपालाचा १८९८ चा कायदा होता, त्यातलं १९ वं कलमच हे होतं: स्फोटक, धोकादायक, घातक वस्तू टपालाने पाठवायची नाही. तो जाऊन २०२३ चा नवा कायदा आला आणि जून २०२४ पासून लागू झाला, पण म्हणून आता काहीही टाका असा अर्थ होत नाही. पोस्टाच्या खिडकीवर अशी वस्तू घेऊन गेलात तर क्लार्क घेणार नाही, आणि बरोबर करेल.

बाकी तांत्रिक बाब मला कळत नाही. ते इथले गामाकाका सांगतील. काका, कुठे आहात?

सातपुडा_१२
तापीत टाकायच्या कल्पनेला माझा पाठिंबा नाही, आम्ही खाली पाणी पितो 😀

गामाकाका
आलो. दुपारी झोपलो होतो. निवृत्त माणसाला दुसरं काम नाही.

मी कारखान्यात विकिरण सुरक्षा अधिकारी होतो. जाडी मोजायच्या, टाकीतली पातळी मोजायच्या यंत्रात सोर्स असतात, त्यांची ने-आण माझ्या सहीने व्हायची. तेव्हा जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.

तापीथडी, तुम्ही 'किरणोत्सारी वस्तू पाठवू का' विचारता. नियमांना हा प्रश्नच कळत नाही. नियम विचारतात: कोणतं मूलद्रव्य, किती, घन की द्रव, आणि पाठवणारा कोण. ही चार उत्तरं मिळाल्याशिवाय मी तुम्हाला हो किंवा नाही म्हणणार नाही. बटणांवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. वाचून इथे टाका. बटण बोटांनी धरू नका, चिमटा वापरा. बघून झालं की डबीत परत, कपाटाला कुलूप.

तोवर केळीवाल्या आबांचा मुद्दा घेतो, कारण गंमत म्हणून लिहिलं असलं तरी त्यात नियमाचा गाभा आहे.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची वाहतूक नियमावली आहे, १९६१ पासून. आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाची, म्हणजे एईआरबीची, वाहतूक संहिता तिच्यावरच बेतलेली आहे. त्यात प्रत्येक मूलद्रव्याला दोन उंबरठे दिलेत. एक, दर ग्रॅममागे किती बेकेरेल (सेकंदाला किती अणू फुटतात त्याचं माप). दोन, सगळ्या मालात मिळून किती बेकेरेल. दोन्ही ओलांडले तरच तो माल नियमांच्या दृष्टीने किरणोत्सारी. एक जरी खाली राहिला तर नियम त्याला हात लावत नाहीत.

आता केळी. किलोभर केळ्यांत साधारण साडेतीन ग्रॅम पोटॅशियम, आणि एका ग्रॅम पोटॅशियममध्ये सुमारे ३१ बेकेरेल. म्हणजे किलोला शंभर-सव्वाशे. दहा टनांचा ट्रक धरा, अकरा लाखांच्या आसपास बेकेरेल भरले. पोटॅशियम-४० चा एकूण मालाचा उंबरठा दहा लाख. म्हणजे आबा, तुमचा ट्रक एका दारातून आत गेला! पण दुसरं दार बघा: ग्रॅमला १०० बेकेरेलचा उंबरठा, आणि केळ्यात ग्रॅमला ०.१. हजारपट कमी. त्यामुळे ट्रक सुटला.

केळीवाला_रावेर
काका, हे तर मी चेष्टेत म्हटलं होतं! आणि मग पोटॅशचं काय? दोन वर्षं झाली, गोडाऊनात म्युरेट ऑफ पोटॅशची थप्पी पडलीय.

गामाकाका
त्यात तर जास्तच. ६० टक्केवाल्या पोटॅशमध्ये निम्मं पोटॅशियम, ग्रॅमला १५ बेकेरेल. पन्नास किलोच्या दोन गोण्यांत पंधरा लाख. जीएम काउंटर थप्पीजवळ नेला तर टिकटिक वाढलेली चक्क ऐकू येते, मी विद्यार्थ्यांना करून दाखवायचो. पण १५ हे १०० च्या खालीच. तेव्हा खुशाल घाला केळीला.

डॉ_शेवभाजी
धुळ्याहून. माझी पॅथॉलॉजी लॅब. नव्वदच्या दशकात थायरॉइडच्या तपासणीला आरआयए (किरणोत्सारी पदार्थ वापरून रक्तातलं हार्मोन मोजायची) किट वापरायचो, आयोडीन-१२५ वाली. मुंबईहून यायची. बाहेरून साधं थर्माकोलचं खोकं, त्यावर तीन पाकळ्या नाहीत, काही नाही. पहिल्यांदा आलं तेव्हा मी पाठवणाऱ्यावर भडकलो होतो, चिन्ह का नाही म्हणून. झाकण उघडलं तर आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत 'रेडिओअ‍ॅक्टिव्ह'. नंतर कळलं की नियमच तसा आहे. काका, तो भाग समजावून सांगा ना, लोकांना उलटं वाटतं.

गामाकाका
डॉक्टरसाहेब, अगदी मर्मावर बोट ठेवलंत. याला म्हणतात एक्सेप्टेड पॅकेज. आतला माल इतका थोडा, की पेटी फुटून सगळं बाहेर सांडलं तरी गंभीर काही होऊ नये, असा हिशेब करून मर्यादा ठरवलेली असते. मग बाहेर चिन्ह कशाला नाही? कारण चिन्ह बघून गोदामातला माणूस उगाच घाबरतो, पेटी कोपऱ्यात टाकतो, तिकडे औषधाची मुदत संपते. पण जो उघडणार त्याला कळलंच पाहिजे. म्हणून शब्द आत, उघडताक्षणी दिसेल असा. बाहेर फक्त यूएन क्रमांक (धोकादायक मालाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) आणि पाठवणाऱ्या-घेणाऱ्याची नावं.

क्रमांकही सांगून ठेवतो: थोडा माल असेल तर २९१०, यंत्र किंवा वस्तूच्या आत बसवलेला असेल तर २९११, आणि रिकामी पेटी परत जात असेल तर तिलाही स्वतंत्र, २९०८.

आणि एक पक्की अट. पेटीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर कुठेही मीटर लावा, ताशी ५ मायक्रोसिव्हर्टच्या (शरीराला लागणाऱ्या किरणांचं माप) वर जाता कामा नये. आपल्या भोवती नैसर्गिक किरणं साधारण ०.१ असतात, त्यावरून अंदाज करा.

तापीथडी
काका, वाचलं. भिंगाने.

१) सीझियम-१३७, ३ मायक्रोक्युरी, मार्च १९९९
२) कोबाल्ट-६०, २ मायक्रोक्युरी, मार्च १९९९
३) स्ट्रॉन्शियम-९०, ०.१ मायक्रोक्युरी, मार्च १९९९

तिन्ही घट्ट सील दिसतात, कुठे तडा नाही. आणखी एक, रसायनशास्त्राच्या मॅडमनी ऐकलं तर त्यांनी युरेनाइल अ‍ॅसिटेटची अर्धी बाटली आणून माझ्या टेबलावर ठेवली, "हेपण पाठवून द्या" म्हणून!

गामाकाका
मॅडमना बाटली परत द्या आणि कुलपात ठेवायला सांगा. ती सुटी पूड आहे, सील केलेली नाही, शिवाय युरेनियमची संयुगं किरणांपेक्षा मूत्रपिंडालाच जास्त घातक. त्यात युरेनियम म्हटलं की परवानगीचा रस्ताच वेगळा. एका पेटीत दोन भानगडी नकोत.

आता बटणं. मायक्रोक्युरीला ३७ हजार बेकेरेल. सव्वीस वर्षं झाली, म्हणजे मूळ आकडे आता राहिलेले नाहीत.

कोबाल्टचं अर्धायुष्य सव्वापाच वर्षं. जवळजवळ पाच वेळा निम्मं झालं. चौऱ्याहत्तर हजारांचे उरले अडीच हजारांच्या आत. कोबाल्टचा मालाचा उंबरठा एक लाख. हे बटण नव्यानेही त्याखाली होतं.

स्ट्रॉन्शियम ३,७०० होतं, आता दोन हजार. उंबरठा दहा हजार. तेही खाली.

सीझियम मात्र चिवट. अर्धायुष्य तीस वर्षं, एक लाख अकरा हजारांचे एकसष्ट हजार उरले. उंबरठा दहा हजार. सहापट वर! ग्रॅमचा उंबरठाही ओलांडलेला, कारण बटण जेमतेम काही ग्रॅमचं. म्हणजे तुमच्या तिघांतला एकच खरा पाहुणा, पण तो आहे, आणि त्याच्यासाठी नियम लागू.

किती लागू? सीझियमसाठी एक्सेप्टेड पॅकेजची मर्यादा ६० कोटी बेकेरेल. टपालाने पाठवायचं तर आंतरराष्ट्रीय नियमांत त्याच्याही एक दशांश, म्हणजे ६ कोटी. तुमचं एकसष्ट हजार. त्या एक दशांशाच्याही जवळपास हजारपट खाली.

खापरावरचे_मांडे
म्हणजे चालतं की टपालाने! एवढा गाजावाजा कशाला मग?

पार्सलबाबू
मांडे, घाई करू नका, पुरण सांडेल. प्रमाण बसलं म्हणून खिडकी उघडत नाही. जागतिक टपाल संघटनेच्या नियमांत किरणोत्सारी माल फक्त त्या देशांच्या टपालखात्यांत चालतो ज्यांनी तो घ्यायचं कबूल केलंय, आणि टाकणारा अधिकृत परवानाधारकच असावा लागतो. पाकिटावर मजकूरही ठरलेला: टपालाने परवानगी असलेल्या मात्रेतला किरणोत्सारी पदार्थ. वितरण झालं नाही तर परत पाठवा, अशी विनंती बाहेर हवी. कपाट आवरताना डबी सापडलेला माणूस या कुठल्याच खान्यात बसत नाही, सर.

गामाकाका
पार्सलबाबूंशी शंभर टक्के सहमत. एक वाक्य माझं: प्रमाण कमी असलं म्हणजे पाठवणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही. नियमांत पेटीवर पहिलं नाव असतं ते पाठवणाऱ्याचं. वर्गीकरण त्याने करायचं, पॅकिंग त्याने, मोजमाप त्याने, कागद त्याने, वाहतूकदाराला 'आत हे आहे' असं लेखी सांगायचं तेही त्यानेच. कुरिअरवाला नाही म्हणाला तर तो त्याचा हक्क. विमानाने जाणार असेल तर धोकादायक मालाचे नागरी विमान वाहतुकीचे नियम वेगळे, तिथे खोटी घोषणा सापडली तर प्रकरण पोलिसांपर्यंत जातं. आणि रस्त्याने दिलेलं कुरिअर रात्रीतून विमानात चढवलं जात नाही याची तुम्हाला काय खात्री?

एसटीचं तर नावच नको. पार्सल खिडकीवरच्या माणसाला माहीत नाही, कंडक्टरला माहीत नाही, आणि वरच्या सीटवर कोणीतरी लेकुरवाळी बसलेली. किरणं किती हा मुद्दा बाजूला ठेवा. वाटेत पेटी हरवली तर कोणाला शोधायला लावणार? 'इलेक्ट्रॉनिक पार्ट्स' शोधायला?

सातपुडा_१२
हरवण्यावरून आठवलं. २०१० सालचं दिल्लीचं मायापुरी. विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात पडून असलेलं गॅमासेल (किरणांचा मारा करायचं यंत्र) लिलावात भंगारात गेलं. आत कोबाल्ट-६०. भंगारवाल्यांनी ते फोडलं, तुकडे केले. बरेच जण आजारी पडले, एक जण गेला. तिथेही सुरुवात 'जुनं आहे, जागा अडतेय' अशीच झाली असणार.

गामाकाका
बरोबर, पण दोन्ही एका तराजूत घालू नका. ते यंत्र आणि हे बटण यांच्यात डोंगर-राईचा फरक. तापीथडींच्या बटणाने कोणी मरणार नाही. पण सवय एकच: कागद हरवतो, मग वस्तू कोणाचीच राहत नाही. भंगारवाल्याला सीझियम आणि साधं प्लॅस्टिक यांतला फरक दिसत नाही.

तापीथडी
काका, समजा सगळ्या परवानग्या मिळाल्या. पेटी कशी भरायची? शिशाच्या डबीतच ठेवू ना? डबी जड आहे, आणखी शिसं घालू का?

गामाकाका
हा प्रश्न आवडला. सगळे शिशाकडेच धावतात.

तुमचं सीझियम बटण जर एका लिफाफ्यात घातलं, कागदाला चिकटलेलं, तर एक सेंटिमीटरवर ताशी साधारण ५० मायक्रोसिव्हर्ट. मर्यादेच्या दहापट. नापास. तेच बटण वीस सेंटिमीटरच्या खोक्याच्या बरोबर मधोमध पक्कं बसवलं, तर पृष्ठभागावर साधारण अर्धा मायक्रोसिव्हर्ट. मर्यादेच्या दहाव्या हिश्श्यात. पास. शिशाचा एक कणही न घालता! अंतर दुप्पट केलं की किरणं चौथाई, एवढं एकच गणित आहे. म्हणून छोट्या सोर्सचं खरं पॅकिंग म्हणजे मधली मोकळी जागा, आणि ती जागा धक्क्याने सरकू नये म्हणून घट्ट भरलेला थर्माकोल किंवा स्पंज.

डबी आहेच तर तीही ठेवा, हरकत नाही, पण झाकण चिकटपट्टीने बांधा. जड डबी खोक्यात सैल असेल तर ती हातोड्यासारखी आतून खोकं फोडते. हे मी प्रत्यक्ष पाहिलंय. आमच्याच स्टोअरमधून गेलेली पेटी तळ फुटून परत आली होती, बघून माझ्या पोटात गोळा आला. सुदैवाने आत रिकामा होल्डर होता.

स्ट्रॉन्शियमबद्दल एक खोच: ते बीटा किरणं सोडतं. बीटाला थेट शिसं लावलं तर शिशात नव्याने क्ष-किरण तयार होतात. म्हणून आधी प्लॅस्टिक, मग बाहेरून शिसं. तुमच्या बटणाला प्लॅस्टिकचं आवरण आहेच आणि माल नगण्य आहे, पण द्रव फॉस्फरस-३२ हाताळणाऱ्या संशोधकांना हे पहिल्याच दिवशी शिकवतात.

आणि पेटी भरण्याआधी पुसून बघायचं. ओला फिल्टर कागद बटणाच्या कडेवरून आणि डबीतून फिरवायचा, तो काउंटरखाली धरायचा. सील गळत असेल तर इथेच कळतं. पेटीच्या बाहेरच्या अंगावर पुसून निघणारा अंश चौरस सेंटिमीटरला ४ बेकेरेलच्या आत असावा लागतो. अल्फा किरणं सोडणाऱ्या बहुतेक पदार्थांना ०.४.

डॉ_शेवभाजी
यात भर. लोकांना वाटतं सगळी पॅकेटं अशीच साधी. माझ्या सौ. ना थायरॉइडसाठी आयोडीन-१३१ ची कॅप्सूल घ्यावी लागली, तेव्हा नाशिकच्या एका न्यूक्लिअर मेडिसिन विभागात ती आलेली पेटी मी हावरटासारखी बघितली. बाहेर पिवळं-पांढरं लेबल, वर तीन पाकळ्या, दोन लाल दांडे. तिथले फिजिसिस्ट तरुण होते, उत्साहाने सांगत होते.

एक दांडा पांढऱ्यावर म्हणजे पृष्ठभागावर ५ मायक्रोसिव्हर्टपर्यंत. पिवळ्यावर दोन दांडे म्हणजे ५०० पर्यंत. तीन दांडे म्हणजे २,००० पर्यंत. पिवळ्या लेबलवर एक चौकोन असतो, त्यात आकडा: ट्रान्सपोर्ट इंडेक्स. पेटीपासून एक मीटरवर ताशी किती मिलिसिव्हर्ट, त्याला शंभराने गुणायचं. दोन दांड्यांना हा आकडा एकपर्यंत, तीन दांड्यांना दहापर्यंत. गाडीत किती पेट्या एकत्र रचायच्या ते या आकड्यांच्या बेरजेवरून ठरतं. ड्रायव्हरला भौतिकशास्त्र यायची गरज नाही, बेरीज आली की झालं. मला तर ही हुशारी फार आवडली.

आणि ती पेटी टाइप ए. तिला परीक्षा द्यावी लागते: तासभर पावसाचा मारा, १.२ मीटरवरून कडक जमिनीवर आपटणं, पाचपट वजन चोवीस तास डोक्यावर, आणि एक मीटरवरून सहा किलोची सळई. आत द्रव असेल तर पेटी ९ मीटरवरून आपटायची. द्रवाच्या दुप्पट शोषून घेईल एवढं शोषक भरायचं, नाहीतर दुहेरी भांडं. आमच्याकडे लोणच्याची बरणी मुलीला पुण्याला पाठवतात तिला एवढी काळजी घेतली असती तर! दरवर्षी एक फुटतेच.

गामाकाका
टाइप बी आणखी वर. ९ मीटरवरून आपटायची, मग ८०० अंशांत अर्धा तास. पण ते कोबाल्टचे मोठे सोर्स न्यायला, तो इथला विषय नाही.

गारगोटी_जळगाव
धाग्याला थोडं आडवळण. मी स्फटिक जमवतो. आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमधले झिओलाइट, अ‍ॅपोफिलाइट, स्टिल्बाइट. जळगावचं नाव जगभरच्या संग्राहकांत आहे, घरच्यांनाच माहीत नाही. परदेशातला एक संग्राहक म्हणतो, मला हिरवं अ‍ॅपोफिलाइट दे, मी तुला ऑट्युनाइट पाठवतो, अतिनील दिव्याखाली हिरवं झगमगतं. ऑट्युनाइट युरेनियमचं खनिज आहे. माझे दगड तर किरणोत्सारी नाहीत. त्याचा आला तर?

गामाकाका
तुमचे पाठवा, त्याचा मागवू नका. युरेनियमचं खनिज विनापरवाना देशात आणणं म्हणजे अणुऊर्जा कायद्याशी गाठ. त्याच्या देशात दगडाचा तुकडा बाळगायला सवलत असेल, ती सीमेपर्यंतच. आणि टपालाच्या थैलीत सीमेवर काही सापडलं तर पत्ता तुमचा असतो.

शिवाय ऑट्युनाइट भुरभुरीत. वाटेत पूड झाली की पाकीट उघडणाऱ्याच्या नाकात जायचं. फोटो मागवा त्याच्याकडून.

गारगोटी_जळगाव
जीव कळवळला, पण ऐकतो 🙁

खापरावरचे_मांडे
आमच्याकडे आजोबांच्या काळातल्या गॅसबत्तीच्या जाळ्यांचा पुडा आहे. लग्नाच्या वरातीला, तमाशाला गॅसबत्त्या भाड्याने द्यायचे ते. भाचा म्हणतो त्यात थोरियम असतं. खरं की काय? नंदुरबारच्या मावशीला त्यातल्या चार पाठवायच्या आहेत, त्यांच्याकडे लाइट जाते.

गामाकाका
खरं आहे. थोरियम नायट्रेटात बुडवलेली जाळी पेटली की राखेच्या थोरियम ऑक्साइडमुळे तो पांढराशुभ्र उजेड. नव्या जाळ्यांत बहुतेक वेळा यिट्रियम असतं. दुकानातून घेतलेल्या मंजूर ग्राहकोपयोगी वस्तू ग्राहकाच्या हाती आल्यावर वाहतूक नियमांतून बाहेर पडतात, तेव्हा तुमच्यावर कोणी खटला भरणार नाही. पण जुनी जाळी जाळताना धूर घेऊ नका, राख फुंकू नका. मावशीला टॉर्च पाठवा.

पार्सलबाबू
जुनी गोष्ट सांगतो, आमच्या एका वरिष्ठांनी प्रशिक्षणात सांगितलेली. किरणोत्सारी मालावर टपालखात्यांची पहिली बंधनं अमेरिकेत १९३० च्या दशकात आली, आणि ती माणसांसाठी नव्हतीच! रेडियमच्या पाकिटाशेजारी फोटो फिल्मची पाकिटं जायची आणि फिल्म धुरकट व्हायची. फिल्म कंपन्यांनी ओरड केली तेव्हा नियम झाले. थैली उचलणाऱ्याच्या हाडांचा विचार मग कधीतरी.

तापीथडी
उशिरा लिहितोय, माफ करा. दीड-दोन महिने गेले.

विभागप्रमुखांना हा धागाच वाचायला दिला. केळ्यांचा ट्रक वाचून हसले, लिफाफ्याच्या ५० मायक्रोसिव्हर्टवर गंभीर झाले. प्राचार्यांच्या सहीने पुरवठादाराला पत्र गेलं: परत घेताय हे लेखी द्या, तुमची परवानगी दाखवा. पहिल्या पत्राला उत्तरच नाही. दुसऱ्याला 'इलेक्ट्रॉनिक पार्ट्स'वाल्या साहेबांचा सूरच बदलला, कागदपत्रं आली. एईआरबीच्या ई-लोरा पोर्टलवर संस्थेची नोंदणी करताना मला तीन रात्री लागल्या, एकदा नेट गेलं, एकदा प्राचार्यांचा ओटीपी त्यांच्या मुलाच्या फोनवर गेला.

शेवटी त्यांचाच माणूस मीटर घेऊन गाडीने आला. माझ्यासमोर पुसून तपासलं, गळती नाही. मधोमध बसवून खोकं बंद केलं, आतल्या झाकणावर शब्द, बाहेर २९१० आणि दोन्ही पत्ते. पृष्ठभागावर मीटरने ०.४ दाखवलं. काका, तुमचा अर्धा! मी उगाचच उड्या मारल्या, त्या माणसाला वाटलं हा वेडा आहे का. सगळ्या कागदांच्या झेरॉक्स फाइलला लावल्या. स्टॉक रजिस्टरमध्ये तीन ओळी लाल शाईने कमी केल्या, तारखेसह.

मॅडमची बाटली अजून कुलपात आहे. तिचं वेगळं पत्र चालू आहे.

केळीवाला_रावेर
भाऊ, नवा काउंटर आला ना? एकदा गोडाऊनात आण. पोटॅशच्या थप्पीची टिकटिक ऐकायची शे. पोरं-सोरं बोलावून ठेवतो, भरीत-पुरीचा बेत करू.

तापीथडी
येतो आबा, रविवारी. काका, एक शेवटचं. त्यांनी शिशाची जुनी डबी रिकामी करून परत पाठवली. आमचे शिपाई नानाभाऊ म्हणतात, चांगली मजबूत आहे, खडू ठेवायला द्या. देऊ का?

गामाकाका
आधी आतून पुसून काउंटरखाली धरा. आकडा नेहमीच्या टिकटिकीइतकाच आला, तर डबीवरचं चिन्ह आणि शब्द पूर्ण खरवडून काढा. नुसता कागद चिकटवू नका, निघतो. पण शिसं हाताला लागतं आणि खडू पोरांच्या हातात जातो. नानाभाऊंना दुसरी डबी द्या. ही लॅबमध्ये नव्या सोर्ससाठीच ठेवा.